पेजवर पाणी आलंय

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. हे सगळं मी बायकोसाठी केलं. कॉलनीत काही लोक म्हणतात की उत्तरेश्वर सरांना राजकारणात शिरायचं होतं. काही म्हणतात, सरांना शाळेत काम उरलं नाही म्हणून डोक्यात खूळ शिरलं. दोन्ही धादांत खोटं आहे. शाळेत मी सातवी ते दहावी गणित-विज्ञान शिकवतो, शिवाय खिचडीच्या तांदळावर लक्ष ठेवतो. आणि राजकारणाचं म्हणाल तर मला त्याची बिलकूल हौस नाही. पतसंस्थेच्या निवडणुकीत मी दोन वेळा पडलो ते निव्वळ लोकांच्या आग्रहामुळं.

आमचं गाव युसूफ वडगावच्या बाजूला, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. कॉलनीत नळाला पाणी कधी येतं, असं कुणी विचारलं तर माणूस बाहेरगावचा आहे एवढंच कळतं. येतं कधीतरी. आठवड्यानं येतं, पंधरवड्यानंही येतं. पहाटे येईल, नाहीतर भर दुपारी जेवत्या ताटावरून उठवेल. आलं की अर्धा-पाऊण तास टिकतं. तेवढ्यात हौद, छतावरची टाकी, ड्रम, घागरी, बादल्या, पातेली आणि सवड मिळाली तर कुकरसुद्धा भरून घ्यायचा. चुकलं की पुढची बारी येईपर्यंत भांडी राखेनं घासा आणि अंघोळीच्या नावानं ओला पंचा फिरवा. म्हणून प्रत्येक घरात एक माणूस नळाच्या पहाऱ्यावर असतो. आमच्या घरातला तो माणूस म्हणजे वनमाला, माझी बायको. मुलगा पुण्याला, मी शाळेत आणि वनमाला नळापाशी, अशी आमच्या घराची कायमची वाटणी आहे.

बाजाराला गेली तरी पळत जाते आणि पळत येते. लग्नाला गेली तर अक्षता टाकून परत. तलवाड्याला, म्हणजे तिच्या माहेरी, ती मुक्कामाला कधी गेलती हे तिलाही आठवत नाही. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण रोज दिसतं ते माणूस बघत नाही.

मग एके दिवशी तिच्या भावाचा, सोमनाथरावांचा, फोन आला. त्यांच्या रोहिणीचा साखरपुडा ठरला. ही रोहिणी अकरावी-बारावी आमच्या घरी राहून शिकलेली. वनमालानं तिच्या वेण्या घातल्यात, तिची दुखणी काढलीत, गणितात मी तिला रडवलं की हिनं तिला गुळपोळी करून घातलीय. फोन ठेवून वनमाला म्हणाली, "तुमी जाऊन या. मला न्हाई जमायचं. आपली बारी त्याच दिसांत येती."

हे ती भांडून बोलली असती तर मीही भांडलो असतो. आम्हा दोघांना त्याचा चांगला सराव आहे. पण भात नको म्हणावं तशी ती बोलली आणि लसूण सोलायला लागली. मला लई वाईट वाटलं. मी तिथंच ठरवलं की ही बाई साखरपुड्याला जाणार, एक मुक्काम करणार, आणि नळाचं मी बघणार.

साध्या माणसानं रजा टाकली असती. पण रजेचा दिवस मुख्याध्यापकांना आधी कळवावा लागतो, आणि नळाचा दिवस नळालाही माहीत नसतो. तेव्हा मी शाळेत वर्गावर असताना मला कळलं पाहिजे की घरी पाणी आलं. कळलं की गाडीला किक मारायची आणि घर गाठायचं. शाळेतून घर काही लांब नाही.

विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्तानं मी मागं काही व्हिडिओ पाहिले होते. त्यात एक हसतमुख माणूस बोटाएवढा बोर्ड दाखवायचा. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. यूएसबीच्या वायरीनं तो घरच्या कॉम्प्युटरला जोडायचा. वीजही त्याच वायरीतून आणि इंटरनेटही त्याच वायरीतून. बोर्डाच्या आत एक एवढासा वेब सर्व्हर चालवायचा. आपण मोबाइलवर लिंक उघडली की तो बोर्ड आपल्याला एक पान पाठवतो, पेज. नळाच्या तोंडाशी दोन उघड्या तारा ठेवायच्या. कोरड्या असल्या की पेज लाल, ओल्या झाल्या की हिरवं, वर घंटी. तो माणूस म्हणाला, हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्या माणसाला एकदा गाठायची माझी फार इच्छा आहे.

बोर्ड कुरिअरनं आला. वनमालानं खोका हलवून पाहिला आणि म्हणाली, "रिकामाच पाठवलाय. परत करा." मी तिला बोर्ड काढून दाखवला. तिनं तो उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्यो नळ राखनार?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "ह्याला आधी कुठंतरी बांधून ठेवा, केरात जाईल."

पहिला अख्खा रविवार कॉम्प्युटरनं बोर्डाला ओळखच दाखवली नाही. मी बोर्ड काढला, लावला, कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, व्हिडिओतल्या माणसाला बोल लावले. संध्याकाळी शोध लागला की मी वापरत होतो ती वायर नुसती चार्जिंगची होती. तिच्यातून वीज जाते, बोलणं जात नाही. अशा वायरी मिळतात हेच मला ठाऊक नव्हतं. विज्ञानाचा शिक्षक म्हणून हे वाक्य लिहिताना मला त्रास होतोय. पुढचा आठवडा पेज घराबाहेरून दिसावं म्हणून इंटरनेटमधून बोगदा खणण्यात गेला. बोगदा हा माझा शब्द नाही, तिकडं असंच म्हणतात. शेवटी एका दुपारी मी शाळेच्या मुतारीमागं उभा राहून, तिथंच रेंज येते म्हणून, लिंक उघडली आणि लाल पेज आलं: "पाणी नाही." पाणी नाही हे वाचून जन्मात पहिल्यांदा मला आनंद झाला.

माणसानं आनंद झाला तर घरात ठेवावा. मी तो शेजारच्या अर्जुनरावांना सांगितला. अर्जुनराव पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेत आणि त्या दिवसापासून सल्ल्याचं खातं सांभाळतात. मी म्हणालो, "मी घरी सर्व्हर बसवलाय."

"सर्व्हर म्हंजे त्यो तलाठ्याकडं डाउन असतो त्यो?"

"तसाच, पण छोटा."

"डाउन हाय का?"

"नाही, चालू आहे."

अर्जुनराव बोटं मोजायला लागले. "रेशनला डाउन, ब्यांकेत डाउन, सात-बाराला डाउन. आख्ख्या नोकरीत मी चालू सर्व्हर बघितला न्हाई सर. नीट बघा, दुसरंच कायतरी आसंल." मी त्यांना आत नेऊन पेज दाखवलं. त्यांनी बोर्डाला हात जोडले, लिंक मागून घेतली आणि मी चहा सांगेपर्यंत ती कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "उत्तरेश्वर सरांची विनामूल्य पाणी सेवा. लाभ घ्यावा."

आता सगळी कॉलनी माझ्या पेजवर विसंबली. आणि दोनच दिवसांनी, मी नववीच्या वर्गावर त्रिकोणाचा बाह्यकोन काढत असताना, खिशात घंटी वाजली. पेज हिरवं. मी खडू टाकला आणि पोरांना काही न सांगता पळालो. घरी आलो तर अर्जुनराव हातात पाइप घेऊन उभे, त्यांच्या घरच्या तुळजाबाई घागरी मांडून बसलेल्या, वनमाला नळाकडं बघतेय, आणि नळाच्या तोंडात, माझ्या दोन्ही तारांवर पाय ठेवून, एक पाल.

मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "वर्ग सोडून गेलात. कारण काय दाखवू?" मी म्हणालो, "नळात पाल आली होती." ते म्हणाले, "घरच्या?" मी म्हणालो, "हो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बावीस वर्षं मी या शाळेत मान खाली न घालता काढली होती, आणि ती पालीनं घालवली. पाल एका जागी फार थांबत नाही, म्हणून मी बोर्डाला नवी अट घातली: तारा मिनिटभर सलग ओल्या राहिल्या तरच पाणी समजायचं. वनमाला म्हणाली, "आता पालीला मिनिट मोजायला शिकवू नका म्हंजे झालं."

यानंतरच्या बारीला खरंच पाणी आलं. घंटी वाजली, मी पोचलो, हौद भरला. वनमाला त्या वेळी मुद्दाम तुळजाबाईंच्या ओट्यावर बसून राहिली होती, आली नाही. हौद काठोकाठ बघून ती एवढंच म्हणाली, "मंग मी जाऊ म्हंता तलवाड्याला?" मी म्हणालो, "जा." ती आत जाऊन ट्रंकेतली साडी उन्हात टाकायला लागली. मला वाटलं, झालं, जिंकलो.

तिथं म्हाळू आडवा आला. म्हाळू म्हणजे आमचा पाणी सोडणारा. टाकीखालचे वॉल तो खोलतो, कुठल्या गल्लीला कधी ते तोच ठरवतो, आणि लोक रस्त्यात त्याला आपणहून रामराम घालतात. त्याला कुणीतरी सांगितलं की सरांनी तुझ्यावर पाळत ठेवायला मशीन बसवलंय. तो गाडीवरून न उतरताच म्हणाला, "सर, मी तुमाला कदी तकलीफ दिली का? मंग माझ्यावर पहारा कावून?" मी त्याला तारा, बोर्ड, सगळं समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ग्रामपंचायतीत तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी मला तोंडी निरोप आला की सार्वजनिक नळयोजनेला खासगी तार जोडल्याबद्दल खुलासा करा, आणि खुलासा मंजूर होईपर्यंत कॉलनीची बारी मागं राहील.

कॉलनी माझ्याकडं कशा नजरेनं बघत होती ते सांगत नाही. मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाले, पाणी समितीची परवानगी लागेल. पाणी समिती कुठं भरते? ती भरत नाही. मग परवानगी? ती समिती भरली की. मी घरी येऊन अर्जुनरावांच्या ओट्यावर बसलो. ते म्हणाले, "सर, सरळ मार्गानं जाऊ नका, लई लांब पडतो. अमरसिंहदादाकडं चला."

अमरसिंहदादा आमचे भावी सरपंच. गेल्या तीन निवडणुकांपासून ते भावीच आहेत, पण चौकातल्या त्यांच्या फ्लेक्सवर कधी धूळ बसत नाही. त्यांनी ऐकलं, फोन उचलला, कुणाला तरी म्हणाले, "सर आपले हायेत," आणि परवानगी झाली. मग माझ्याकडं वळले. "सर, काम जनतेचं हाय. पेजवर आमचाबी एक फोटो टाका. आणि लोकार्पण जोरात करू. माझ्या हस्ते जलपूजन."

फोटो टाका, म्हणे. तो फोटो फ्लेक्सवाल्याकडून थेट आला: हात जोडलेले, गळ्यात उपरणं, मागं उगवता सूर्य. तो एकटा फोटो माझ्या बोर्डाच्या सगळ्या पोटापेक्षा, म्हणजे मेमरीपेक्षा, चौपट मोठा. हे मी दादांना सांगू लागलो तर कार्यकर्ते म्हणाले, "दादाचा फोटो मावत न्हाई म्हंजे काय बे?" मी विज्ञानाचा शिक्षक, मला कुणी बे म्हणत नाही. मी घरी येऊन गुपचूप फोटो बारीक केला, इतका बारीक की दादा कुठले आणि सूर्य कुठला हे सांगावं लागायचं. तोवर म्हाळूचा राग घालवायला त्याचाही फोटो घालावा लागला. तर दादांपेक्षा म्हाळू मोठा का दिसतो, यावरून निरोप आला. म्हाळू बारीक केला. मग अर्जुनराव रुसले, की कल्पना मूळ कुणी पसरवली. त्यांचाही टाकला. सरपंचांना वगळलं तर उद्या नळ तुटेल, म्हणून सरपंच. सरपंच आले म्हणून ग्रामसेवक. मानपान म्हणजे लग्नाच्या पंक्तीला असतात तसे. एकाला पाट दिला की दुसऱ्याला सतरंजी चालत नाही.

आणि मग बोर्ड भरला. पेज उघडायला इतका वेळ लागायचा की लोक लिंक दाबून दाढी करून यायचे. कुठला तरी भाग कापणं भाग होतं. फोटो कापायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी पेज हिरवं झाल्यानंतर आपोआप परत लाल करणारा भाग काढून टाकला. म्हटलं, पाणी गेलं की मी हातानं लाल करीन, त्यात काय एवढं. असल्या लाचारीत घेतलेला निर्णय घेताना किती साधा वाटतो, हे मी आता कुणालाही सांगू शकतो.

जलपूजनाचा दिवस दादांनी ठरवला, आणि तो नेमका साखरपुड्याचा निघाला. म्हाळूला सांगितलं होतं की दादांचं भाषण झाल्यावर फोन येईल, मग वॉल खोल. म्हणजे सगळ्यांच्या देखत पेज हिरवं होईल. मला उलट बरं वाटलं. पाणी येणार हे आधीच नक्की, मी घरीच, वनमाला बिनघोर. ती सकाळच्या गाडीनं निघाली. फाटकापाशी थांबून म्हणाली, "पेज बघत ऱ्हाते मी तिकडून. हिरवं झालं म्हंजे तुमी भरलंच आसंल." मी म्हणालो, "भरलं समज."

आमच्या अंगणात मांडव पडला. कॉम्प्युटर खोलीत आणि बोर्ड लांब यूएसबी वायरीच्या टोकाला, बाहेर टेबलावर, पाटावर, झेंडूच्या हारात. हार बोर्डापेक्षा शंभरपट मोठा असल्यामुळं लोक हारालाच नमस्कार करत होते. दादा आले, सत्कार झाले. मी आपला फोनकडं लक्ष ठेवून. मग जलपूजन. दादांनी नळाला हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं, आणि तुळजाबाईंनी दिलेला कलश नळावर ओतला. मी म्हणायला तोंड उघडलं की दादा, तारा आहेत. पण जलपूजनात नळावर पाणी घालू नका, हे म्हणणार कसं?

हळद-कुंकू भिजलं आणि तारांना छान चिकटून बसलं, चांगलं मिनिटभर. दादा माइकपाशी गेले. "बंधू आणि भगिनींनो," एवढं झालं आणि शंभरभर मोबाइल एकदम वाजले. पेज हिरवं. आधी टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं दादांच्या पायगुणानं भाषणाच्या आधीच पाणी आलं. मग टाळ्या वाजवता वाजवताच लोक उठले. बाया पदर खोचून पळाल्या, पुरुष खुर्च्या ओलांडून पळाले. दादा मोकळ्या मांडवाला विकासाची दिशा सांगत होते आणि आजूबाजूच्या घरांतून मोटारी चालू झाल्याचा आवाज येत होता. त्या मोटारींनी नुसती हवा ओढली. दोन जळाल्या.

दादांनी तरी थांबावं. पण मांडलेला नारळ फोडल्याशिवाय उठत नाहीत. त्यांनी तो टेबलाच्या कडेशी ठेवलेल्या दगडावर असा आपटला की त्यातलं सगळं पाणी बोर्डावर. हारातून थोडा धूर आला. माझा सर्व्हर डाउन झाला. अर्जुनराव कुठूनतरी म्हणाले, "आता वाटतोय सर्व्हर."

मी म्हाळूला फोन लावला. म्हटलं, वॉल खोल, लवकर. म्हाळू म्हणाला, "आता कावून? पाणी आलं की तुमच्याकडं. मी पेज बघितलं, हिरवं."

"अरे, तू वॉल खोललास का?"

"न्हाई. मला आदी नवलच वाटलं. मंग म्हणलं, दादानं वरच्या सायबाला सांगून तिकूनच सोडलं आसंल. दादाची पोच हाय बाबा. मंग मी पलीकडच्या आळीचा वॉल खोलून दिला. तुमची बारी झाली सर."

मी त्याला पाल, हळद, मिनिटाची अट, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पेज तर तुमचंच हाय नव्हं?" ग्रामसेवकांना फोन केला. तेही म्हणाले, पेजवर आलंय, नोंद झालीय, टाकीतलं पाणी दुसऱ्या आळीला गेलंय. मी दादांकडं गेलो. ते हिरव्या पेजचा फोटो स्टेटसला ठेवत होते. खाली "शब्द दिला, पाणी आणलं". त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, आता पाणी आलं न्हाई म्हणालात तर माझी इज्जत जाती, आणि तुमचं मशीन खोटं ठरतंय. दोघांचंबी नुकसान. आलं म्हणा." बोर्ड तर गेलाच होता; लोकांच्या मोबाइलवर शेवटचं हिरवं पेज तसंच अडकून बसलं होतं, आणि ते लाल करणारा जगात कुणी उरला नव्हता.

तेवढ्यात वनमालाचा फोन.

मागं गलका होता, बाया हसत होत्या. "पेज हिरवं झालं बघा. मी सगळ्यांना दाखवलं. रोहिणीच्या होणाऱ्या सासूलाबी दाखवलं. म्हणलं, आमच्या मालकांनी बसवलंय. भरलं का सगळं?"

मी मांडवातल्या खुर्च्यांकडं बघत उभा होतो. खरं सांगायचं माझ्या अगदी ओठावर होतं. पण तिचा आवाज मला ओळखूच येईना. असा आवाज मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकला असेल. मी म्हणालो, "भरलं."

"ड्रम?"

"ड्रमपण."

"मंग मी ऱ्हाते आज. रोहिणी सोडंना. उद्या आमी सगळे जीप करून अंबाजोगाईला देवीला निघालोत, जाता जाता जेवायला आपल्याकडं येतो. चालंल ना?"

"चालंल," मी म्हणालो. चालंल नाही तर काय म्हणणार होतो?

टँकरवाल्या बजरंगला फोन लावला. तो हसला. "सर, सकाळपासून तुमचंच पेज बघतोय. हिरवं हाय, मंग टँकर कावून? चेष्टा करता का गरिबाची?" मी शपथ घेतली. तो म्हणाला, "समदे टँकर पाठवून दिले सर, जिथं पाणी आलं न्हाई तिथं." जारवाल्याकडं गेलो; माझ्या आधी सगळी कॉलनी तिथं येऊन गेली होती, आणि लोक माझ्याविषयी काय बोलले ते जारवाल्यानं मला जसंच्या तसं सांगितलं. शेवटी तुळजाबाईंनी शिव्या देत देत दोन घागरी दिल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडं बघून न्हाई देत. वनमालाकडं बघून देतेय."

दुसऱ्या दिवशी जीप आली. सोमनाथराव, त्यांच्या घरची मंडळी, रोहिणी, दोन म्हाताऱ्या आत्या, आणि पुढच्या सीटवर वनमाला, डोक्यात गजरा. ती उतरली ती हसत हसत. "या, या, पाय धुवायला पाणी देते," म्हणत ती थेट ड्रमापाशी गेली आणि झाकण उघडलं. तांब्या तळाला लागला. तिनं दुसरा ड्रम बघितला. हौदाकडं नजर टाकली. मग माझ्याकडं बघितलं. मी आपला मांडवाची दोरी सोडत होतो.

तिनं झाकण लावलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "पाय बिय ऱ्हाऊ द्या, देवीला उशीर व्हईल. बसा जेवायला." मी आणलेल्या पत्रावळ्या तिनं मांडल्या, ताटं काढली नाहीत. वांग्याची भाजी मीच कशीबशी केली होती. सोमनाथराव म्हणाले, "दाजी, मशीन लई भारी केलं. आमच्या तलवाड्यालाबी बसवून द्या." वनमाला म्हणाली, "देतील की." आणि त्यांच्या पानावर भाकरी वाढली. मी मान वर केली नाही.

हात धुवायला तिनं प्रत्येकाच्या हातावर मोजकं पाणी घातलं आणि कुणाला काही जाणवू दिलं नाही. मंडळी ओट्यावर पान खात बसली तेव्हा ती स्वयंपाकघरात आली. मी तिथंच उभा होतो.

"काल पाणी आलंच न्हाई?"

"नाही."

"मंग आलं म्हणून कावून सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर तू तेव्हाच निघाली असतीस."

"निघालेच असते," ती म्हणाली. "जेवलेबी नसते." तुळजाबाईंच्या घागरीवर तिनं ताटली झाकली. "आमी सगळ्या गच्चीवर झोपलो. रोहिणी माझ्याजवळ. लई बोलली पोरगी. सासरचं, नोकरीचं, मनातलं. मला एकदाबी नळ आठवला न्हाई."

माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करायला मला कसली लाज नाही. बाहेरून रोहिणीनं आत्या म्हणून हाक मारली. वनमालानं पदरानं तोंड पुसलं, गजरा सारखा केला आणि जाता जाता म्हणाली, "पुढल्या बारीलाबी असंच सांगा."